गुत्ता, चर्च आणि ‘मोकळी’ जमीन : राल्फ कॉनरच्या कादंबऱ्या

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा लेखक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला नसणार. त्यात संकोच वाटायचं कारण नाही, कारण आज कॅनडातही त्याला फारसं कुणी वाचत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परिस्थिती अगदी उलटी होती. राल्फ कॉनर या नावाने लिहिलेल्या पहिल्या तीन पुस्तकांच्या मिळून पन्नास लाख प्रती खपल्या असं सांगतात. १९०१च्या जनगणनेत कॅनडाची सगळी लोकसंख्या होती साधारण चौपन्न लाख! अर्थात हा खप एकट्या कॅनडातला नव्हता. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो तुफान वाचला गेला, आणि पहिल्या पुस्तकाला अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण नसल्यामुळे तिथे त्याच्या चोरट्या आवृत्त्याही भरपूर निघाल्या. तरीही, कॅनडाच्या पश्चिमेचं चित्र जगाच्या डोक्यात पहिल्यांदा ज्यांनी भरवलं, त्यांत हा माणूस फार वरच्या जागी आहे.

आणि हा माणूस पेशाने लेखक नव्हताच. तो पाळक होता, प्रेस्बिटेरियन पंथाचा. खरं नाव चार्ल्स विल्यम गॉर्डन. जन्म १८६०, ऑन्टारिओतल्या ग्लेनगॅरी परगण्यातला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या, गेलिक बोलणाऱ्या लोकांची ती वस्ती. वडीलही पाळकच. मुलगा टोरांटोला शिकला, वर्षभर एडिंबरोला जाऊन आला, १८९०मध्ये त्याला दीक्षा मिळाली, आणि मग तो थेट रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, बॅन्फ आणि कॅनमोरच्या भागात, खाणकामगारांमध्ये जाऊन राहिला. पुढे विनिपेगला सेंट स्टीफन्स चर्चचा पाळक झाला आणि ते शहर त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. १९३७ साली तो वारला.

तर आज मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. एखादी गोष्ट उघडउघड धर्मकार्यासाठी, म्हणजे अगदी निधी जमवण्यासाठी लिहिलेली असेल, तर तिच्याकडे साहित्य म्हणून बघायचं का? आणि बघायचं तर कसं? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. आपल्या कादंबरीचा इतिहास आपण जिथून सुरू करतो, तिथेच एक ख्रिस्ती प्रचारक बसलेला आहे. त्यामुळे ‘प्रचार आहे, सोडून द्या’ असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

आधी ही पुस्तकं निघाली कशी ते बघू.

१८८५च्या नोव्हेंबरमध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्याच महिन्यात, अवघ्या नऊ दिवसांनी, मेटी लोकांचा पुढारी लुई रिएल याला फाशी दिली गेली. या दोन तारखा शेजारी ठेवून वाचा. रेल्वे आली आणि प्रतिकार मोडला गेला. त्यानंतर पश्चिमेकडे माणसांचा लोंढा सुरू झाला : खाणीत, लाकूडतोडीच्या तळांवर, गुराढोरांच्या मोठमोठ्या कुरणांवर. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक तरुण, बहुतेक एकटे. या पसाऱ्यात चर्च पोचवायचं तर पैसा लागणार, आणि पैसा होता पूर्वेकडे, टोरांटोसारख्या शहरांत. गॉर्डन तिथे जाऊन आपल्या एका संपादक मित्राला, जेम्स मॅकडोनल्डला, म्हणाला की पूर्वेच्या लोकांना पश्चिमेची काही कल्पनाच नाही. मॅकडोनल्ड ‘वेस्टमिन्स्टर’ नावाचं धार्मिक नियतकालिक चालवत होता. त्याचं म्हणणं असं पडलं की लेख कुणी वाचणार नाही, गोष्ट लिही.

गॉर्डनने गोष्ट लिहिली : लाकूडतोड्यांच्या तळावरचा नाताळ. टोपणनावाची हकिगत तर त्यानेच पुढे सांगितली आहे. समोर मिशनचा छापील कागद होता, त्यावर कॅनडा आणि नॉर्थवेस्ट या शब्दांची लघुरूपं होती. ती जोडून त्याने तारेने ‘कॅनॉर’ असं नाव कळवलं. तारवाल्याने ते ‘कॉनर’ केलं, संपादकाने पुढे ‘राल्फ’ लावलं. म्हणजे या लेखकाचं नावसुद्धा मिशनच्या लेटरहेडवरून आलेलं आहे! त्या गोष्टीची पुढे कादंबरी झाली, ‘ब्लॅक रॉक’, १८९८. पुढच्याच वर्षी ‘द स्काय पायलट’, आणि १९०१मध्ये ‘द मॅन फ्रॉम ग्लेनगॅरी’.

आता पुस्तकांकडे येऊ.

‘ब्लॅक रॉक’मध्ये सेलकर्क पर्वतातलं एक खाणीचं गाव आहे. तिथे क्रेग नावाचा पाळक, मिसेस मेव्हर नावाची एका खाणकामगाराची विधवा, आणि स्लॅव्हिन नावाचा गुत्तेवाला. पाळक आणि काही खाणकामगार मिळून दारू सोडण्याची शपथ घेतात, एक संघ काढतात. त्यातला बिली ब्रीन हा बिचारा मोठ्या कष्टाने दारूपासून लांब राहिलेला असतो. त्याच्या लिंबाच्या सरबतात गुपचूप दारू मिसळली जाते. तो पुन्हा घसरतो आणि त्यातच मरतो. त्यानंतर स्लॅव्हिनचंच तान्हं मूल आजारी पडतं, आणि त्या घरात मदतीला जाऊन उभी राहते ती मिसेस मेव्हर. मूल वाचत नाही. पण गुत्तेवाला बदलतो.

ऐकताना तुम्हाला वाटेल, हा तर शुद्ध मेलोड्रामा. आहेच. गुत्तेवाल्याचं मूल मरतं आणि त्याला पश्चात्ताप होतो, हा योगायोग लेखकाने आपल्या सोयीसाठी आणलेला आहे. पण मला त्याच्या खालची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरहद्दीवरच्या गोष्टींमध्ये शत्रू कोण असतो? थंडी, हिमवादळ, रानटी जनावर, नाहीतर दरोडेखोर. कॉनरच्या गोष्टीत शत्रू आहे एकटेपणा. दारू हे त्या एकटेपणाचं दुकान. दिवसभर खाणीत राबलेल्या माणसाला संध्याकाळी उजेड, ऊब आणि चार माणसांचा आवाज मिळायची गावात एकच जागा आहे, ती म्हणजे गुत्ता. क्रेगला हे पक्कं कळलेलं आहे. नुसतं ‘पिऊ नका’ सांगून भागत नाही, बसा-उठायची दुसरी जागा द्यावी लागते. ही समज उपदेशातून येत नाही. कॅनमोरच्या खाणकामगारांबरोबर राहिलेल्या माणसाची आहे ती.

‘द स्काय पायलट’ अल्बर्टाच्या पायथ्याच्या टेकड्यांत घडतं. ‘स्काय पायलट’ म्हणजे खलाशी आणि गुराख्यांच्या बोलीत पाद्री, आकाशाची वाट दाखवणारा वाटाड्या. थट्टेचा शब्द आहे तो. इथेही दारू आहे, आणि एक गंमत बघा. त्या काळी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सरकारी परवान्याशिवाय दारू आणता येत नसे. त्या परवान्याला म्हणत ‘परमिट’. परमिटची दारू आली की कुरणवाले गोरे तरुण जमून ती संपवायचे. आपल्याकडच्या ‘परमिट रूम’च्या पाट्या बघत वाढलेल्या माणसाला हे पटकन समजेल! कायदा दारूचा हिशेब ठेवतो, पण एकटेपणाचं काही करत नाही.

या गावात एक कोवळा, नाजूक प्रकृतीचा पाळक येतो. त्याच्या प्रवचनांनी कुणी भारावत नाही. लोक त्याला मानायला लागतात ते तो बेसबॉलमध्ये चेंडू झकास टाकतो म्हणून. हसू नका, कॉनरची सगळी धर्मकल्पना यात आहे. माणसाची पत आधी अंगमेहनतीत, खेळात, घोड्यावर सिद्ध व्हायला हवी, मग त्याच्या तोंडून देवाचं नाव ऐकून घेतलं जाईल. इंग्लंडमध्ये त्या काळी मर्दानी ख्रिस्ती धर्माची एक लाट होती, तिचीच ही कॅनेडियन शाखा.

पण याच पुस्तकात ग्वेन आहे. ही रानात वाढलेली, कुणाचं न ऐकणारी मुलगी घोड्यावरून होणाऱ्या अपघातात अपंग होते. ती पायलटला सरळ विचारते, देव असं का करतो? पायलट तिला एक रूपककथा सांगतो : सपाट माळावर फुलं उगवेनात, म्हणून माळाच्या मालकाने वीज पाडून माळ चिरला, घळ झाली, आणि त्या घळीत फुलं आली. या एका प्रकरणावर हजारो वाचक त्या काळी रडले असतील. मला विचाराल तर उत्तर कमकुवत आहे. वेदनेला फुलं लावून ती सुंदर केलेली आहे. पण प्रश्न खरा आहे, आणि लेखकाने तो कुणाच्या तोंडी घातलाय बघा. पंडिताच्या नाही, नास्तिकाच्याही नाही. अंथरुणाला खिळलेल्या, चिडलेल्या मुलीच्या तोंडी. आणि ती सहजासहजी गप्प बसत नाही.

इथे या दोन्ही पुस्तकांतली एक युक्ती सांगतो. ‘ब्लॅक रॉक’ची गोष्ट पाळक सांगत नाही, आणि ‘स्काय पायलट’चीही नाही. पहिल्यात निवेदक आहे बाहेरून आलेला कॉनर, दुसऱ्यात गावचा शाळामास्तर. दोघेही थोडे अलिप्त, कोपऱ्यात उभं राहून बघणारे. त्यामुळे वाचकाला कुणी ‘विश्वास ठेव’ म्हणून दरडावत नाही. त्याला म्हटलं जातं, ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि काय होतंय ते बघ. प्रचारासाठी लिहिणाऱ्या माणसाला एवढं भान असणं ही साधी गोष्ट नाही. पुस्तकं खपली त्याचं एक कारण हेही असणार.

अमेरिकेशी तुलना करून बघा. ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ १९०२ची. तिथला नायक गुरं चोरणाऱ्या आपल्याच मित्राला फासावर लटकवण्यात भाग घेतो आणि शेवटी पिस्तुलाने हिशेब चुकता करतो. कायदा नाही, म्हणून माणूसच कायदा. कॅनडात घोडेस्वार पोलीसदल १८७३मध्येच स्थापन झालं होतं. वस्ती दाट व्हायच्या आधी शिपाई पोचलेला होता. त्यामुळे कॉनरच्या नायकाला बंदुकीची तितकी गरज पडत नाही. त्याची लढाई शपथ पाळण्याची आहे. नॉर्थ्रॉप फ्राय या थोर समीक्षकाने १९६५मध्ये कॅनडाच्या साहित्याबद्दल बोलताना ‘गढीची मनोवृत्ती’ अशी एक कल्पना मांडली. अफाट, बेपर्वा निसर्गात वेढलेली छोटी माणसं आपली मूल्यं घट्ट धरून तटबंदीच्या आत राहतात, अशी ती मनोवृत्ती. फ्राय स्वतः दीक्षा घेतलेला पाळक होता, हेही लक्षात ठेवा. कॉनरचं चर्च ही अशीच एक गढी आहे. आत शेकोटी आहे, गाणं आहे, माणसं आहेत. ही कल्पना लक्षात ठेवा, थोड्या वेळाने आपल्याला तिचा दरवाजा तपासायचा आहे.

त्याआधी, माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं पुस्तक : ‘द मॅन फ्रॉम ग्लेनगॅरी’. इथे तो पश्चिमेतून मागे, आपल्या बालपणाच्या गावी जातो. ओटावा नदीतून ओंडके वाहून नेणारे स्कॉट आणि फ्रेंच कामगार, त्यांच्या टोळ्या, त्यांची हाडवैरं. सुरुवातीलाच एका मारामारीत रॅनल्डचा बाप, ब्लॅक ह्यू, लेन्वार नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून जबर जखमी होतो. आता बापाला सूड हवाय, मुलालाही हवाय. आणि मध्ये उभी आहे पाळकाची बायको, मिसेस मरे. ती लेखकाच्या आईवरून घेतलेली आहे.

हे लोक धर्म ‘नसलेले’ नाहीत. उलट कडवे धर्मनिष्ठ आहेत. प्रार्थना पाठ आहे, स्तोत्रं गेलिकमध्ये पाठ आहेत. अडचण अशी की त्याच प्रार्थनेत क्षमेची अट आहे : आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हांला मिळो. ज्याच्या मनात सूड आहे त्याने ती ओळ कोणत्या तोंडाने म्हणायची? आधीच्या दोन पुस्तकांत धर्म बाहेरून येतो आणि माणसाला सुख देतो. इथे धर्म आधीपासून घरात आहे आणि तो माणसाकडून किंमत मागतो, तीही त्याच्या सगळ्यांत आवडत्या गोष्टीची, वैराची. क्षमा एका रात्रीत होत नाही. माणसं अडखळतात, रागावतात, मागे जातात. म्हणून हे पुस्तक आजही वाचवतं. पुस्तकाच्या उत्तरार्धात रॅनल्ड शहरात जातो, पश्चिमेला जातो, देश एकसंध ठेवण्याच्या कामाला लागतो, आणि तिथे मात्र पुस्तक भाषणाकडे झुकतं. नदीवरचा रॅनल्ड जिवंत आहे, राष्ट्रबांधणी करणारा रॅनल्ड पुतळा आहे.

आणि हा पुतळाच आपल्याला पुढच्या, अवघड भागाकडे नेतो.

१९०९मध्ये ‘द फॉरिनर’ आली. तोवर पश्चिम बदलली होती. १८९६पासून क्लिफर्ड सिफ्टन या मंत्र्याच्या धोरणामुळे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया आणि बुकोव्हिना भागांतून, म्हणजे आजच्या युक्रेनच्या आसपासच्या प्रदेशातून, शेतकरी येऊ लागले. विनिपेगच्या नॉर्थ एंडमध्ये त्यांची दाट वस्ती झाली. कादंबरीत हे लोक पहिल्यांदा दिसतात ते गर्दी, घाण, दारू आणि मारामारीत. नायक काल्मन या वस्तीतून उचलला जातो, कुरणावर वाढतो, ‘सुधारतो’. आणि तिथला मिशनरी ब्राउन शाळा काढतो, औषधं देतो. धर्मांतराचा आरोप झाला तर त्याचं म्हणणं साधारण असं असतं की मला यांना चांगले ख्रिस्ती आणि चांगले कॅनेडियन करायचंय, आणि या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

थांबा. हे लोक आधीच ख्रिस्ती होते! ग्रीक कॅथलिक, ऑर्थोडॉक्स. शेकडो वर्षांची त्यांची उपासना, त्यांचे सण, त्यांची चर्चं. मग त्यांना ‘ख्रिस्ती करायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं? इथे कळतं की ख्रिस्ती या शब्दाचा अर्थ मधल्या काळात बदललाय. ‘ब्लॅक रॉक’मध्ये ख्रिस्ती असणं म्हणजे बिली ब्रीनला एकटं न सोडणं. ‘द फॉरिनर’मध्ये ख्रिस्ती असणं म्हणजे इंग्रजी बोलणारा, स्वच्छ, शिस्तीचा नागरिक असणं. श्रद्धेची जागा शिष्टाचाराने घेतली. लेखकाला हा बदल जाणवलेला दिसत नाही. वाचकाने तो बघायला हवा.

आणि आता गढीचा दरवाजा. परदेशी माणूस निदान दाराशी येतो, अटी पाळून आत घेतला जातो. ज्यांची जमीन होती त्यांचं काय? कॅनमोर-बॅन्फचा हा सगळा मुलूख १८७७च्या सातव्या कराराखालचा. ब्लॅकफूट, स्टोनी नाकोडा आणि इतर लोकांचा. गॉर्डन तिथे १८९०मध्ये गेला, म्हणजे करार होऊन पुरती तेरा वर्षंही झालेली नव्हती. पण कादंबऱ्यांत मूलनिवासी माणसं येतात ती कडेकडेने : कुणाचा सोबती, कुणाचा नोकर. नाहीतर, १८८५च्या लढ्यावरच्या १९१४च्या कादंबरीत, धोका म्हणून. त्यांना स्वतःचा देव आहे, स्वतःचा एकटेपणा आहे, हे कुठेच येत नाही. जमीन मोकळी आहे असं लेखक कुठे ठासून म्हणत नाही. तो फक्त तसं गृहीत धरतो, आणि ते जास्त परिणामकारक ठरतं.

तुम्ही म्हणाल, त्या काळच्या माणसाला आजची फूटपट्टी का लावता? रास्त आक्षेप आहे. पण मग त्याच काळातला माणूस घेऊ. डॉ. पीटर ब्राइस, सरकारचाच वैद्यकीय अधिकारी. त्याने १९०७मध्ये प्रेरीतल्या मूलनिवासी मुलांच्या वसतिशाळांबद्दल अहवाल दिला, की तिथे क्षयाने मुलं भयंकर संख्येने मरताहेत. या शाळा चर्च चालवत होते आणि त्यांत प्रेस्बिटेरियनही होते. म्हणजे ‘द फॉरिनर’ छापली जाण्याच्या दोन वर्षं आधी हे कागदावर आलेलं होतं. जो लेखक गुत्तेवाल्याच्या एका तान्ह्या मुलाच्या मरणावर अख्खं गाव बदलवतो, त्याच्या पुस्तकांत या मुलांना जागा नाही. फूटपट्टी आपली नको, त्याचीच घ्या. तिच्यावरही तो इथे कमी पडतो. प्रेस्बिटेरियन चर्चने या शाळांबद्दल जाहीर कबुली आणि क्षमायाचना केली ती १९९४मध्ये.

आता आपल्याजवळचा एक धागा. त्याच १८७७ साली, याच कॅनेडियन प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य भारतात आपलं मिशन सुरू केलं, इंदूर आणि महूला. होळकरांचं इंदूर. मराठी घरं, मराठी दरबार. इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचं. एकच चर्च दोन दिशांना निघालं. इंदुरात उतरलेल्या मिशनऱ्याला ‘ही भूमी मोकळी आहे’ असं स्वप्नातही वाटलं नसतं. समोर राजा होता, शास्त्री होते, मौलवी होते, उलट विचारणारी माणसं होती. वाद घालावा लागत होता. अल्बर्टात वाद घालायला समोर कुणी आहे हेच मान्य नव्हतं. प्रतिवादी दिसला की प्रचारकालाही विचार करावा लागतो, तो दिसेनासा केला की प्रचाराची नुसती गोष्ट होते. कॉनरची उत्तम पानं कुठली, याचं उत्तरही मला यातच मिळतं. ग्वेन विचारते तिथे, ब्लॅक ह्यू अडून बसतो तिथे. जिथे श्रद्धेला समोरून विरोध आहे, तिथे तो लेखक आहे.

गॉर्डनच्या आयुष्याने त्याला पुढे असे विरोध भरपूर दाखवले. पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर पाळक म्हणून आघाडीवर गेला. १९१९मध्ये विनिपेगमध्ये सहा आठवड्यांचा सार्वत्रिक संप झाला. त्यानंतर मालक-मजुरांच्या तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या प्रांतिक मंडळाचा तो अध्यक्ष होता. १९२१मध्ये संपावरच त्याने ‘टू हिम दॅट हॅथ’ लिहिली. पण वाचक हळूहळू पांगले. १९४१मध्ये सिंक्लेअर रॉसची ‘ॲज फॉर मी अँड माय हाउस’ आली. तिच्यातही प्रेरीतलं गाव, तिच्यातही पाळक, पण या पाळकाचा स्वतःचाच विश्वास उडालेला, आणि ते सगळं सांगते त्याची बायको, रोजनिशीतून. जणू मिसेस मरेने अखेर स्वतःचं खरं लिहायला घेतलं! कॉनरने रंगवलेलं गाव आधी नसतं, तर रॉसच्या त्या उदास घराला इतकी धार आली नसती.

तर वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? ही पुस्तकं आता कॉपीराइटमुक्त आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. ‘ब्लॅक रॉक’ची पहिली काही प्रकरणं वाचा, मग ‘ग्लेनगॅरी’चा पूर्वार्ध. आणि त्यानंतर ‘द फॉरिनर’ वाचा, ती टाळू नका. या क्रमाने वाचलं तर एका भल्या माणसाची करुणा कुठवर पोचली आणि कुठल्या रेषेवर थांबली ते तुम्हाला स्वतःला दिसेल. बिली ब्रीनसाठी रडताना संकोच करू नका, पण रडून झाल्यावर, त्या प्रभुभोजनाच्या मेजाभोवती कोण कोण बसलंय आणि कोणाला बोलावणंच गेलेलं नाही, ते मोजा.